हाडाशी जुळणारी काच: ग्लास-सिरॅमिक इम्प्लांट आणि त्यासाठी एकत्र आलेल्या देशोदेशींच्या प्रयोगशाळा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हाडात बसवायच्या काचेवर काम करते असं सांगितलं की घरच्या समारंभात, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे साधारण तेच प्रश्न येतात. विद्यार्थ्यांचे प्रश्न थोडे वेगळे असतात, पण तेही ठरलेले. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

काच? शरीरात? टोचणार नाही का?

खिडकीची काच डोळ्यांसमोर आणली तर ही भीती अगदी रास्त आहे. पण काच हा एकच पदार्थ नाही. खिडकीच्या काचेत सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, वजनाने ७० टक्क्यांहून जास्त असतो. म्हणून ती पावसापाण्याला दाद देत नाही. हाडासाठी वापरायच्या सर्वांत प्रसिद्ध काचेत, ४५एस५ मध्ये, सिलिका फक्त ४५ टक्के असते. बाकी २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. एवढं सोडियम आणि कॅल्शियम घातलेली काच पाण्यात स्वस्थ बसत नाही, हळूहळू विरघळू लागते. आपल्याला हवं असतं ते हेच. सिलिका ६० टक्क्यांच्या वर नेली की काचेचा हा गुण जातो आणि हाड तिला परकं मानू लागतं.

शिवाय ती धारदार तुकड्यांच्या रूपात आत जात नाही. बारीक दाणे, मळलेल्या कणकेसारखी पुट्टी किंवा घासून आकार दिलेला ठोकळा, अशा रूपांत सर्जन ती वापरतात.

काच आणि ग्लास-सिरॅमिक यात फरक काय?

स्वयंपाकघरातूनच सांगते. चिक्कीसाठी साखरेचा किंवा गुळाचा पाक करून तो झटकन थंड केला की टणक, चकचकीत पापडी मिळते. आतल्या रेणूंना रांगेत बसायला वेळच मिळालेला नसतो. ही झाली काच. तोच साखरेचा पाक सावकाश निवू दिला, त्यात धागा सोडला, तर खडीसाखर होते. ते झाले स्फटिक. आणि लाडवाच्या पाकात आपल्याला नको असताना साखर धरते, तेव्हा काचेच्या पोटात स्फटिक उगवत असतात.

ग्लास-सिरॅमिकमध्ये ही 'साखर धरणं' मुद्दाम आणि मोजूनमापून घडवून आणतात. आधी सगळं वितळवून काच करायची, मग ती ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ पुन्हा तापवायची. आत बारीक स्फटिक उगवतात आणि त्यांच्या मधल्या फटीत काच उरते. तडा जाऊ लागला की त्याला प्रत्येक स्फटिकाला वळसा घालावा लागतो, म्हणून पदार्थ चिवट होतो.

या पदार्थाचा जन्म चुकीतून झाला. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डॉनल्ड स्टूकी काचेचा एक नमुना सुमारे ६०० अंशांना तापवायला ठेवून गेले, आणि भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली. काच वितळून सांडली असणार असं समजून त्यांनी दार उघडलं, तर आत अपारदर्शक पांढरी पट्टी तशीच होती. चिमट्यातून निसटून ती जमिनीवर पडली आणि फुटली नाही. पुढे याच शोधातून न तडकणारी स्वयंपाकाची भांडी आली, दातांचे कॅप आले, आणि हाडाचे तुकडेही.

हाड काचेला "चिकटतं" म्हणजे नेमकं काय होतं?

इथे डिंक किंवा सिमेंट नसतं. काच शरीरातल्या द्रवात पडली की तिच्या पृष्ठभागावरचं सोडियम बाहेर जातं आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन येऊन बसतो. पृष्ठभागावर सिलिकाचा मऊ, जेलसारखा थर तयार होतो. त्या थरावर काचेतलं आणि भोवतालच्या द्रवातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट येऊन साचतं. सुरुवातीला ते विस्कळीत असतं. काही तासांत, काही दिवसांत त्याचे स्फटिक बनतात आणि तयार होतं कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सिअपेटाइट. आपल्या हाडातलं खनिज याच जातीचं असतं.

मग हाडाच्या पेशी येतात. त्यांच्यासमोर जो पृष्ठभाग असतो तो त्यांच्या ओळखीचा असतो. त्या कामाला लागतात, कोलॅजन या प्रथिनाचे धागे त्या थरात गुंततात आणि हाड थेट काचेपर्यंत वाढतं. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या साध्या तुकड्याभोवती शरीर बऱ्याचदा तंतुमय पेशींची पिशवी बांधून त्याला वेगळं काढतं. इथे ती पिशवी बनत नाही.

हे सुरू कुठे झालं?

१९६७ साली, एका बसमध्ये. फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच पदार्थविज्ञानाच्या परिषदेसाठी न्यूयॉर्क राज्यात चालले होते. शेजारी व्हिएतनामहून नुकता परतलेला अमेरिकी सैन्यातला एक कर्नल बसला होता. हेंच तेव्हा किरणोत्सर्ग सोसणाऱ्या पदार्थांवर काम करत होते. कर्नलने त्यांना विचारलं, की एवढा मारा सोसणारे पदार्थ बनवता, तर माणसाच्या शरीरात टिकेल असं काही बनवता येईल का? त्याने डोळ्यांदेखत सैनिकांचे हातपाय कापले जाताना पाहिले होते, कारण शरीर इम्प्लांट स्वीकारत नव्हतं.

हेंच यांचा विचार सरळ होता. हाडात कॅल्शियम फॉस्फेट असतं, तर आपल्या पदार्थानेही तेच पृष्ठभागावर तयार करावं. सैन्याच्या वैद्यकीय संशोधन विभागाने पैसे दिले. १९६९ साली ४५एस५ काचेचे छोटे तुकडे टेड ग्रीनली या सर्जननी उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले तर तुकडे हलेनात. ढकलले, ठोकले, तरी निघाले नाहीत. १९७१ साली हे काम छापून आलं. 'बायोग्लास' हे नाव तिथलंच.

या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की पहिल्या दिवसापासून काचवाला आणि सर्जन एकाच टेबलावर होते. पुढे जिथे जिथे हे काम यशस्वी झालं, तिथे ही जोडी दिसते.

जपानने काय वेगळं केलं?

४५एस५ हाडाला जुळत होती, पण नाजूक होती. कानातली सुपारीच्या खांडाएवढी हाडं, दात काढल्यानंतरचा खड्डा अशा ठिकाणी चालायची. पाठीच्या मणक्यावर शरीराचं ओझं असतं, तिथे नाही.

क्योतो विद्यापीठात तादाशी कोकुबो आणि ऑर्थोपेडिक सर्जन ताकाओ यामामुरो यांनी १९८२ साली ए-डब्ल्यू ग्लास-सिरॅमिक मांडलं. 'ए' म्हणजे अपेटाइट, 'डब्ल्यू' म्हणजे वोलास्टोनाइट, कॅल्शियम सिलिकेटचं एक खनिज. अपेटाइट हाडाशी नातं जोडतं, वोलास्टोनाइट बळकटी देतं. वजनाने सुमारे ३८ टक्के अपेटाइट, ३४ टक्के वोलास्टोनाइट आणि उरलेली २८ टक्के काच.

पण ते बनवताना एक अडचण आली, आणि ती कशी सोडवली हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काचेचा अखंड ठोकळा तापवला की वोलास्टोनाइटचे स्फटिक पृष्ठभागावरून आत, काटकोनात, झाडूच्या काड्यांसारखे वाढत. मध्ये त्यांच्या टोकांना टोकं भिडत आणि तिथेच मोठ्या भेगा पडत. म्हणून त्यांनी वितळलेली काच थंड करून तिची बारीक पूड केली, पूड दाबून आकार दिला आणि मग मिनिटाला ५ अंश अशा चालीने १०५० अंशांपर्यंत तापवली. पुडीचा प्रत्येक कण स्वतःचा पृष्ठभाग घेऊन येतो, त्यामुळे स्फटिक सगळीकडे सारखे उगवतात आणि भेगा पडत नाहीत.

परिणाम असा: ए-डब्ल्यूची वाकवण्याला विरोध करणारी ताकद सुमारे २१५ मेगापास्कल आहे, तर माणसाच्या घट्ट हाडाची साधारण ५० ते १५० असते. १९९१ पासून निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लासने 'सेराबोन ए-डब्ल्यू' या नावाने ते बाजारात आणलं आणि पहिल्या दशकभरात सुमारे ६०,००० रुग्णांमध्ये ते वापरलं गेलं: कृत्रिम मणके, मणक्यांमधले स्पेसर, आणि कमरेच्या हाडातून कलमासाठी तुकडा काढल्यावर उरणारी पोकळी भरायला.

स्फटिक वाढवले तर हाडाशी जुळण्याचा गुण कमी होत नाही का?

फार चांगला प्रश्न आहे, आणि याच्या उत्तरासाठी दोन खंड एकत्र यावे लागले. बराच काळ समज असा होता की काचेत स्फटिक आले की ती पाण्याशी कमी बोलते, म्हणजे हाडाशीही कमी जुळते. ब्राझीलमधल्या साओ कार्लोसच्या विद्यापीठातले ऑस्कर पाइटल आणि एडगर झानोत्तो यांनी हेंच यांच्याबरोबर हे नीट मोजून पाहिलं. १९९६ आणि २००१ साली त्यांचे निबंध आले. ४५एस५ जातीची काच मुद्दाम वेगवेगळ्या प्रमाणात स्फटिकरूप केली, थेट १०० टक्क्यांपर्यंत, आणि पृष्ठभागावर अपेटाइटचा थर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. स्फटिकांमुळे थर यायला काही तासांचा उशीर होतो, पण तो येतोच. याच वाटेने पुढे साओ कार्लोसमध्ये 'बायोसिलिकेट' हे संपूर्ण स्फटिकरूप तरीही हाडाशी जुळणारं ग्लास-सिरॅमिक तयार झालं.

एक अपवाद मात्र पाठ करून ठेवावा: अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. काच टिकाऊ व्हावी म्हणून ती घालण्याचा मोह होतो, पण थोडी जरी जास्त झाली तरी हाडाशी बंध जुळत नाही. नवे विद्यार्थी अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत काच वितळवतात आणि मूस झिजून ती काचेत उतरते. म्हणून आम्ही प्लॅटिनमची मूस वापरतो, महाग असली तरी.

मग हे एखाद्या देशाने एकट्याने का केलं नाही?

कारण हे सगळं ज्ञान कुठल्याच एका गावात नव्हतं. अमेरिकेकडे पहिली कल्पना आणि सैन्याचा पैसा होता. जपानकडे काच कंपनी आणि एकाच विद्यापीठात रसायनतज्ज्ञ आणि सर्जन होते. जर्मनीतल्या येना शहरात १८८४ साली ऑटो शॉट यांनी काचेची प्रयोगशाळा काढली होती. तिथल्याच परंपरेतून वेर्नर फोगेल आणि वोल्फराम ह्योलांट यांनी अभ्रकाचे स्फटिक असलेलं 'बायोव्हेरिट' बनवलं. ते सर्जनला शस्त्रक्रियेच्या वेळी साध्या हत्यारांनी कोरता येतं. फिनलंडमध्ये तुर्कूच्या ऑबो अकादमीत आणि शेजारच्या दंतवैद्यक विभागात एस५३पी४ ही काच घडली. अमेरिकेतल्याच मिझुरीमध्ये डेल्बर्ट डे यांनी सिलिकाऐवजी बोरॉनवर आधारलेल्या काचांचा मार्ग धरला.

माणसंही एका जागी राहिली नाहीत. हेंच नव्वदच्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. ह्योलांट लिश्टेनस्टाइनच्या इव्होक्लार कंपनीत गेले आणि तिथे दातांची ग्लास-सिरॅमिक घडली.

या सहकार्याचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं?

लोकांना वाटतं नवा पदार्थ. माझं उत्तर वेगळं आहे. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे सगळ्यांनी एकाच मापाने मोजायचं ठरवलं, ते.

काच हाडाशी जुळेल का हे प्राण्यात बसवण्याआधी तपासण्याची पद्धत कोकुबो यांच्या गटाने १९९० च्या सुमारास दिली. रक्तातल्या द्रवात जे क्षार असतात ते जवळपास त्याच प्रमाणात पाण्यात विरघळवायचे. एका लिटरमध्ये सोडियम १४२ मिलिमोल, पोटॅशियम ५, मॅग्नेशियम १.५, कॅल्शियम २.५, फॉस्फेट १. आम्लता (पीएच) ७.४० आणि तापमान ३६.५ अंश. याला एसबीएफ म्हणतात, म्हणजे देहद्रवाची प्रतिकृती. त्यात नमुना बुडवायचा आणि पृष्ठभागावर अपेटाइट येतंय का बघायचं. पेशी नाहीत, प्रथिनं नाहीत, प्राणी नाही. ही पद्धत इतकी पसरली की तिचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं, आयएसओ २३३१७.

अडचण अशी की ते मानक ठरावीक आकाराच्या घन तुकड्यांसाठी होतं. पण जगभरातल्या प्रयोगशाळा पूड तपासत होत्या, छिद्रांची जाळी तपासत होत्या. एक ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग एक ग्रॅम चकतीच्या कितीतरी पट असतो. कोणी थोड्या द्रवात जास्त पूड टाकत होतं, कोणी उलट. कोणी द्रव हलवत ठेवत होतं, कोणी स्थिर. एका गटाची काच तीन दिवसांत अपेटाइट देते आणि दुसऱ्याची सातव्या दिवशी, तर फरक काचेचा की भांड्याचा? हे कळायला मार्गच नव्हता. शेकडो निबंध छापून येत होते आणि त्यांची एकमेकांशी तुलना करता येत नव्हती.

इंटरनॅशनल कमिशन ऑन ग्लास ही १९३३ पासूनची संस्था. तिची बायोग्लासवरची चौथी तांत्रिक समिती आहे. या समितीने 'राउंड रॉबिन' घेतलं, म्हणजे तीच काच, तीच कृती वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी आपापल्या जागी करून पाहायची आणि आकडे शेजारी ठेवायचे. २०१५ साली निकाल छापून आला. लेखकांमध्ये ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, जपान, स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि लिश्टेनस्टाइनचे लोक आहेत. स्वतः कोकुबो आहेत, ह्योलांट आहेत, लंडनचे जुलियन जोन्स आहेत, एर्लांगेनचे आल्दो बोकाचिनी आहेत, माद्रिदच्या मारिया वायेत-रेही आहेत, तोरिनोच्या एन्रिका वेर्ने आहेत.

ठरलं ते अगदी साधं: ५० मिलिलिटर एसबीएफमध्ये ७५ मिलिग्रॅम काच, आणि द्रव हलता ठेवायचा. बस. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळले. काचेची कृती बदलली तर फरक दिसला, कणांचा आकार बदलला तर फरक दिसला, पण प्रयोगशाळा बदलल्याने दिसला नाही.

आठ देशांनी मिळून ७५ मिलिग्रॅम आणि ५० मिलिलिटर ठरवलं, हे ऐकायला फार छोटं वाटतं. पण ज्याने स्वतःचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळवायचा प्रयत्न केलाय, त्याला याची किंमत कळते.

एसबीएफमध्ये पास झालेली काच शरीरातही पास होते का?

नेहमीच नाही. प्रतिकृतीत क्लोराइड रक्तापेक्षा जास्त आणि बायकार्बोनेट बरंच कमी असतं, प्रथिनं तर नसतातच. काही पदार्थ, उदाहरणार्थ बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, शरीरात हाडाशी छान जुळतात पण एसबीएफमध्ये भरवशाने थर दाखवत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये या पद्धतीवर खडी टीका केली होती आणि त्यातले बरेच मुद्दे मला पटतात. ही चाळणी आहे. तिच्यामुळे फोल ठरणारे नमुने आधीच बाजूला होतात आणि कमी प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात. त्यापुढे पेशींच्या चाचण्या, प्राणी आणि मग रुग्णांवरच्या चाचण्या या पायऱ्या आहेतच.

हाडात जंतुसंसर्ग झाला असेल तर याचा उपयोग होतो म्हणे?

होतो, आणि इथे फिनलंडच्या एस५३पी४ काचेचं नाव घ्यावं लागतं. काच विरघळताना भोवतालचा द्रव अल्कधर्मी होतो आणि क्षारांचं प्रमाण वाढतं. अशा ठिकाणी जंतू तग धरू शकत नाहीत. हा परिणाम अँटिबायोटिकवर अवलंबून नसल्यामुळे प्रतिरोध निर्माण झालेल्या जंतूंविरुद्धही त्याचा आधार मिळतो. जुनाट अस्थिसंसर्ग झालेल्या अनेक देशांतल्या ११६ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१७ साली निबंध आला. सुमारे ९० टक्के रुग्ण बरे झाले होते.

मात्र नीट समजून घ्या: सर्जनला आधी मेलेलं, सडलेलं हाड पूर्ण खरवडून काढावंच लागतं. काचेचे दाणे त्यानंतरच्या पोकळीत जातात. खरवडणं अर्धवट झालं तर कोणतीही काच वाचवू शकत नाही.

आईचा गुडघा बदलायचा आहे. धातूऐवजी हे बसवता येईल का?

नाही. हा प्रश्न मला फार वेळा येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. गुडघा आणि खुब्याच्या सांध्यावर चालताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तोही लाखो वेळा. ए-डब्ल्यूसारखं बळकट ग्लास-सिरॅमिकसुद्धा तडा गेल्यावर तो थांबवण्यात हाडापेक्षा कमी पडतं आणि हाडापेक्षा कितीतरी ताठ असतं. मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचा मुख्य भार त्याच्यावर टाकत नाहीत. पोकळी भरणं, मणक्यांमधली जागा राखणं, चेहरा आणि जबड्याची हाडं, कानातली हाडं ही त्याची ठिकाणं. सांध्यासाठी टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोमियम आणि पॉलिथिलीनच.

भारतात काही काम होतं का? महाराष्ट्रात?

होतं. कोलकात्याची केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी बायोसिरॅमिक्सवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात चुंबकीय ग्लास-सिरॅमिकवर काम झालं. त्यात लोहाचे चुंबकीय स्फटिक असतात. हाडातल्या कर्करोगाच्या जागी असा पदार्थ ठेवून बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं की तो तापतो. ४३ अंशांच्या आसपास कर्कपेशी निरोगी पेशींपेक्षा आधी मरतात, ही त्यामागची कल्पना. क्योतोच्या गटानेही या दिशेने प्रयोग केले होते.

युरोपात या विषयाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चिनमध्ये आहे, फनग्लास नावाचं. युरोपीय संघाच्या पैशातून उभं राहिलेलं. त्याचे भागीदार पादुआ, एर्लांगेन, येना आणि माद्रिद इथले. पीएचडी किंवा त्यानंतरच्या कामासाठी जागा शोधणाऱ्या आपल्या मुलांनी या गावांची नावं लक्षात ठेवावीत. बोस्टन आणि म्युनिकच्या पलीकडेही चांगली काच वितळते.

दातांच्या पेस्टमध्ये हीच काच असते, हे खरं का?

खरं. डब्यावर 'कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट' असं लिहिलेलं असेल तर ती ४५एस५ जातीची बारीक पूड. थंड-गरम लागून दात ठणकतात त्यासाठी. दाताच्या सूक्ष्म नळ्यांच्या तोंडाशी तोच अपेटाइटचा थर बसतो.

डॉक्टरांनी "बोन ग्राफ्ट सबस्टिट्यूट" सुचवलंय. काय विचारावं?

संकोच न करता विचारा. पदार्थ नेमका कोणता: काच, ग्लास-सिरॅमिक, कॅल्शियम फॉस्फेट की प्राण्याच्या हाडापासून बनवलेला? तो विरघळून जाणार की कायम राहणार? माझं स्वतःचं हाड वापरण्यापेक्षा इथे त्याचा फायदा काय? स्वतःच्या हाडाला आजही तोड नाही, पण ते काढायला दुसरीकडे चीर द्यावी लागते आणि काही लोकांना ती जागा बराच काळ दुखत राहते. भारतात इम्प्लांट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात, धोक्यानुसार ए ते डी वर्गांत. वेष्टनावरचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक फाइलला लावून घ्या. बिलाबरोबर ते स्टिकर मागायला संकोच करू नका.

मी एम.एस्सी. करतेय. या क्षेत्रात यायचं तर कुठून सुरुवात करू?

एसबीएफ स्वतः बनवायला शीक. खरोखर. यंत्रं नंतर.

मी पहिल्यांदा बनवला तेव्हा क्षार सगळे बरोबर मोजले होते. पण घाई होती, म्हणून कॅल्शियम क्लोराइड आधीच टाकलं आणि आम्ल नंतर. दोन मिनिटांत स्वच्छ पाणी दुधाळ झालं. कॅल्शियम आणि फॉस्फेट मोकळ्यातच एकमेकांना भेटून साका बसला होता. त्यात मी तसाच नमुना बुडवला असता तर प्रत्येक काच 'पास' झाली असती, अगदी खिडकीचीसुद्धा. आमच्या बाईंनी बादली ओतायला लावली आणि क्रम फळ्यावर लिहायला लावला. तोच क्रम देते: सोडियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड, मग हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यानंतरच कॅल्शियम क्लोराइड, सोडियम सल्फेट, आणि शेवटी ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) थोडं थोडं करून, आम्लतामापकावर डोळा ठेवून. एक क्षार पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. पाणी ३६.५ अंशांवरच हवं.

आणि भांडं प्लॅस्टिकचं घे, नवं, ओरखडे नसलेलं. काचेचं घेऊ नकोस. काचेच्या भिंतीवरही अपेटाइट धरतं.

द्रव तयार झाला की त्यातला थोडा प्लॅस्टिकच्या बाटलीत, काहीही न बुडवता, ३६.५ अंशांवर दोन-तीन दिवस ठेव. तो स्वच्छ राहिला तरच नमुना बुडव.